वेंब्लीचा पांढरा घोडा

मोठ्या प्रसंगाची आठवण लोक कोणत्या वस्तूच्या आधारानें जपतात, हें पाहण्यासारखें असतें. एखादी लढाई एका बुरुजाच्या नांवानें स्मरणांत राहते, एखादा दुष्काळ एका विहिरीच्या नांवानें. इंग्लंडांत २८ एप्रिल १९२३ रोजीं झालेला फुटबॉलचा एक सामना असाच एका घोड्याच्या नांवानें ओळखला जातो. सामना बोल्टन वाँडरर्स व वेस्ट हॅम युनायटेड या दोन संघांमध्यें झाला. विजयी संघाला करंडक देण्यास बादशहा पंचम जॉर्ज स्वतः उपस्थित होते. वेंब्लीच्या नव्या स्टेडियमवरील तो पहिलाच सामना होता. परंतु शंभर वर्षें उलटून गेलीं तरी इंग्रज लोक त्याला ‘पांढऱ्या घोड्याचा अंतिम सामना’ असेंच म्हणतात, आणि स्टेडियमजवळच्या एका पादचारी पुलाला त्याच घोड्याचें नांव देण्यांत आलें आहे.

ज्या वाचकांना फुटबॉलची गोडी नाहीं, त्यांनींहि येथेंच पान उलटूं नये. या हकीकतींत खेळ थोडा आहे आणि माणसें फार. गर्दी कशी जमते, ती केव्हां निरुपद्रवी असते व केव्हां जीव घेते, हा प्रश्न जत्रेला, मिरवणुकीला अथवा नुसत्या रेल्वेस्टेशनावर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आहे. आणि वेंब्लीच्या त्या एका दुपारीं त्याचें उत्तर जितकें स्पष्ट दिसतें, तितकें अन्यत्र क्वचितच दिसेल.

एक करंडक, दोन संघ

इंग्लंडांतील फुटबॉल असोसिएशननें १८७१ सालीं या स्पर्धेची स्थापना केली. तिलाच संक्षेपानें एफ. ए. कप म्हणतात. साखळी सामन्यांत संघ वर्षभर खेळून गुण मिळवीत असतो आणि एके दिवशीं हरला तरी पुढें तें नुकसान भरून काढतो. येथें तसें नाहीं. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरवावयाच्या आणि हरेल त्यानें घरीं जावयाचें, असा या स्पर्धेचा रोकडा न्याय आहे. त्यामुळें लहानशा गांवच्या संघालाहि एखाद्या वर्षीं बड्या संघाला धूळ चारण्याची आशा असते, आणि सारा देश या सामन्यांकडे डोळे लावून बसतो. १८७२ सालीं पहिला अंतिम सामना लंडनमध्यें झाला तेव्हां सुमारें दोन हजार प्रेक्षक होते. १९१३ सालीं हीच संख्या एक लाख वीस हजारांवर गेली होती.

१९२३ सालीं अंतिम सामन्याला पोंचलेले संघ एकमेकांहून अगदीं भिन्न होते. बोल्टन हें लँकेशायरमधील कापडगिरण्यांचें गांव. तेथील संघ पहिल्या वर्गांतला. पण १८९४ व १९०४ सालीं अंतिम सामन्यांत हरून तो दोनदां रिकाम्या हातानें परतला होता. वेस्ट हॅम हा पूर्व लंडनमधील गोद्यांच्या व कारखान्यांच्या वस्तीचा संघ. टेम्सकांठच्या एका जहाजबांधणीच्या कारखान्यांत १८९५ सालीं कामगारांसाठीं जो संघ निघाला, त्यांतून तो वाढला होता, आणि त्या सालीं तो दुसऱ्या वर्गांतच खेळत होता. खुद्द लंडनचा, तोहि कष्टकरी वस्तीचा आणि तोहि दुसऱ्या वर्गांतला संघ अंतिम सामन्यास पोंचावा, ही गोष्ट लंडनच्या लोकांना घराबाहेर काढण्यास पुरेशी होती.

तीनशें दिवसांचें स्टेडियम

सामन्याची जागाहि नवी होती. १९२४ सालीं ब्रिटिश साम्राज्याचें एक प्रचंड प्रदर्शन लंडनच्या वायव्येस वेंब्ली येथें भरावयाचें होतें. हिंदुस्थानचाहि घुमट-मिनारांचा मंडप पुढें त्यांत उभा राहिला. त्या प्रदर्शनाचें भूषण म्हणून हें स्टेडियम बांधण्यांत आलें. त्याच जागेवर पूर्वीं सर एडवर्ड वॉटकिन या रेल्वेकंपनीच्या अध्यक्षानें पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर मात करणारा मनोरा उभारण्याचा घाट घातला होता. तो पहिल्या मजल्यावरच अडला आणि अखेर पाडून टाकावा लागला. स्टेडियमचें काम मात्र झपाट्यानें झालें. अवघ्या तीनशें दिवसांत, साडेसात लाख पौंड खर्चून, काँक्रीट व पोलाद यांची ही वास्तु उभी राहिली आणि सामन्यापूर्वीं जेमतेम चार दिवस पुरी झाली. तींत सुमारें एक लाख सत्तावीस हजार माणसें मावतील असा हिशेब होता.

एवढी जागा भरेल कीं नाहीं, हीच चालकांना चिंता होती. कारण महायुद्धानंतरचे तीन अंतिम सामने स्टॅमफर्ड ब्रिज या मैदानावर झाले होते आणि त्यांपैकीं एकालाहि पाऊण लाख माणसें जमलीं नव्हतीं. म्हणून नव्या स्टेडियमची जाहिरात जोरानें करण्यांत आली. सुमारें पस्तीस हजार तिकिटें आगाऊ विकलीं. बाकीच्यांनीं त्या दिवशीं यावें, दाराशीं पैसे द्यावे आणि आंत जाऊन उभें राहावें, अशी व्यवस्था ठेवली. किती पानें मांडावयाचीं याचा अंदाज नसतांना साऱ्या गांवाला तोंडी आमंत्रण द्यावें, त्यांतलाच हा प्रकार झाला.

दुपारचे पावणेदोन

त्या शनिवारीं हवा उत्तम होती. साडेअकरा वाजतां फाटकें उघडलीं आणि पहिला तास-दीड तास सर्व सुरळीत चाललें. एक वाजून गेल्यावर मात्र आगगाड्यांनीं, मोटारींनीं व पायीं येणाऱ्यांचे लोंढे एकत्र मिळाले, आणि आंत आलेल्यांना निरनिराळ्या भागांत वांटून देण्याची व्यवस्था कोलमडली. पावणेदोन वाजतां फाटकें बंद करण्याचा हुकूम सुटला. पण तोंपर्यंत बाहेर हजारों लोक जमलेले होते व आणखी हजारों येतच होते. दोन-तीन तासांचा प्रवास करून आलेला माणूस बंद दारापुढून मुकाट्यानें मागें फिरत नाहीं. लोक भिंती चढले, कुंपणें ओलांडलीं आणि मिळेल त्या वाटेनें आंत शिरले. फाटकावर मोजलेली संख्या १,२६,०४७ भरली. न मोजतां शिरलेले तींत मिळविले म्हणजे एकूण आंकडा कोणी दोन लाख सांगतो, कोणी त्याहूनहि मोठा.

बोल्टनच्या खेळाडूंना मैलभर अलीकडेच आपली मोटार सोडून गर्दींतून पायीं वाट काढावी लागली. आगाऊ तिकिटें घेतलेल्या अनेकांना आपली जागा दृष्टीसहि पडली नाहीं, व पुढें असोसिएशनला त्यांचे पैसे परत करावे लागले. खालच्या पायऱ्यांवर उभे असलेले लोक मागून येणाऱ्या रेट्यामुळें मैदानांत उतरूं लागले, आणि पाहतां पाहतां हिरवळ दिसेनाशी झाली. जेथें बावीस खेळाडूंनीं खेळावयाचें तेथें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत नुसतीं डोकीं. पावणेतीनला बादशहांचें आगमन झालें. बँडनें राष्ट्रगीत वाजविलें, तसा तो अवाढव्य समाज तें गाऊं लागला. देखावा हृद्य होता, परंतु त्यानें मैदान मोकळें झालें नाहीं. दोन्ही संघांचे खेळाडू बाहेर येऊन लोकांची मनधरणी करूं लागले. त्याचाहि फारसा उपयोग झाला नाहीं.

बिली आणि त्याचा स्वार

अशा वेळीं घोडेस्वार पोलिस बोलावण्यांत आले. त्यांत जॉर्ज स्कोरी नांवाचा एक शिपाई होता. वास्तविक त्या दिवशीं त्याची नेमणूक तेथें नव्हती. निकडीचा निरोप आला म्हणून तो गेला. त्याच्या घोड्याचें नांव बिली. बिली खरें पाहतां करड्या रंगाचा होता. पण त्या काळच्या चित्रफितींत तो शुभ्र पांढरा उमटला, आणि काळसर कपड्यांच्या त्या समुद्रांत त्याच्याशिवाय दुसरें कांहीं डोळ्यांत भरेना.

पुढें स्कोरीनें आपली हकीकत सांगितली आहे. समोर डोक्यांचा सागर पाहून हें काम आपल्या हातून होणें शक्य नाहीं, असें त्यालाहि प्रथम वाटलें. इतक्यांत एका गोलाजवळ थोडी फट दिसली. त्यानें घोडा तेथें नेला. बिली शहाणा जनावर. तो कधीं नाकानें, कधीं शेपटीच्या बाजूनें लोकांना हळूच मागें सारी. पुढच्या रांगेंतल्यांना स्कोरीनें एकमेकांचे हात धरून पावलापावलानें मागें रेटावयास सांगितलें, आणि रेषा मोकळी झाली कीं तेथेंच खालीं बसविलें. एक बाजू झाली, मग दुसरी. इतर स्वार व पायदळ पोलिसहि याच कामाला लागले होते. सामना तीन वाजतां व्हावयाचा, तो पाऊण तास उशिरानें कां होईना, सुरू झाला.

स्कोरीला स्वतःला फुटबॉलची आवड नव्हती. असोसिएशननें पुढील अंतिम सामन्यांचीं तिकिटें त्याला देऊं केलीं, पण तो कधीं गेला नाहीं.

सामना

प्रेक्षक अगदीं रेषेवर बसलेले, आणि त्यांच्या मधोमध खेळ. दुसऱ्याच मिनिटाला वेस्ट हॅमचा जॅक ट्रेसाडर्न रेषेबाहेरून चेंडू आंत टाकून परत येऊं लागला तों गर्दींतच अडकला. तेवढ्या अवधींत बोल्टनच्या डेव्हिड जॅकनें वेंब्लीवरील पहिला गोल केला. जाळ्याच्या मागें लोक इतके खेटून उभे होते कीं चेंडूचा तडाखा त्यांतल्या एकाला बसला. अकराव्या मिनिटाला लोक पुन्हा आंत लोटले, खेळ थांबला, आणि स्वारांनीं पुन्हा मैदान मोकळें केलें. मध्यंतरांत खेळाडूंना आपल्या खोलीपर्यंत जाणें अशक्य होतें. म्हणून पांच मिनिटें तेथेंच उभें राहून त्यांनीं उत्तरार्ध सुरू केला. त्यांत लवकरच जॅक स्मिथनें दुसरा गोल केला. चेंडू खांबावर आपटून परत आला, असें वेस्ट हॅमचें म्हणणें पडलें. तो आंत जाऊन जाळ्यामागच्या प्रेक्षकांवर आदळून बाहेर आला, असा निर्णय पंचांनीं दिला. वेस्ट हॅमचा कप्तान जॉर्ज के यानें सामना रद्द करावा असें सुचविलें; बोल्टनचा कप्तान जो स्मिथ याची मात्र अंधार पडेपर्यंत खेळण्याची तयारी होती. अखेर बोल्टननें दोन विरुद्ध शून्य अशा फरकानें करंडक जिंकला. त्या घोड्याच्या टापांनीं मैदान उखडलें व आमचे बाजूचे खेळाडू अडखळून पडूं लागले, अशी तक्रार वेस्ट हॅमच्या शिक्षकानें केली. म्हणजे लोकांच्या दृष्टीनें जो घोडा वीर ठरला, तोच पराभूत पक्षाच्या दृष्टीनें अपराधी ठरला.

श्रेय कोणाचें?

त्या दिवशीं सुमारें एक हजार माणसें जखमी झालीं. त्यांपैकीं बावीसांना रुग्णालयांत न्यावें लागलें. मृत्यु मात्र एकहि झाला नाहीं. याचें श्रेय लोकांनीं बिलीला दिलें, आणि त्याच्या व स्कोरीच्या धीराविषयीं कोणीहि आदरच बाळगील. परंतु घोडा मैदानांत आला तो तीनच्या सुमारास. चेंगरण्याचा खरा प्रसंग त्यापूर्वींच येऊन गेला होता. त्या तासांत लोकांना कोणीं वांचविलें?

यासाठीं गर्दीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. एकामागून एक चालणाऱ्या दोघांच्या बाबतींत ती खरी आहे. दाट गर्दींत ती उलटी होते. पुढच्याला ठेच लागली हें मागच्याला दिसतच नाहीं. त्याच्यापुढें चार-पांच डोकीं असतात. त्यांच्या पलीकडे जागा आहे अशाच समजुतीनें तो एक पाऊल पुढें टाकतो. त्याच्या मागचाहि तसेंच करतो. कोणीहि दुष्ट नसतो, कोणी वेडा झालेला नसतो. पण हजारों निरपराधी पावलांचा भार एकत्र होऊन अगदीं पुढच्या माणसाच्या छातीवर येतो. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात कीं, एका चौरस मीटरमध्यें पांचांहून अधिक माणसें उभीं राहिलीं म्हणजे धोका सुरू होतो, आणि सातांच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वाहूं लागते. मग पाय कोठें टाकावा हें माणसाच्या हातीं राहत नाहीं. अशा वेळीं मृत्यु बहुधा पायांखालीं तुडविल्यानें येत नाहीं. उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास घेतां येईनासा झाल्यानें येतो.

पाण्याला वाट मिळाली कीं जोर ओसरतो, तसाच गर्दीचा. वेंब्लीवर प्रेक्षकांच्या पायऱ्या व मैदान यांमध्यें उंच लोखंडी कुंपण नव्हतें. मागचा रेटा वाढला तसे पुढचे लोक मैदानांत उतरूं शकले. ज्या दृश्याला त्या दिवशीं बेशिस्त म्हटलें गेलें, ज्यामुळें सामना खोळंबला, तें हिरवळीवर पसरलेलें लोकांचें सैन्य म्हणजेच सुटकेची वाट होती. घोड्यानें मैदान मोकळें केलें; पण त्यापूर्वीं मैदानानें माणसें वांचविलीं.

न घेतलेला धडा

या प्रसंगानंतर सरकारनें माजी गृहमंत्री एडवर्ड शॉर्ट यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिचा अहवाल १९२४ सालीं बाहेर पडला. पण लोकांच्या सुरक्षिततेची काळजी खेळांच्या संस्था आपण होऊन घेतील, सध्यां कायद्याची गरज नाहीं, असाच तिचा एकंदर सूर होता. पुढील वर्षापासून अंतिम सामन्याचीं सर्व तिकिटें आगाऊ विकण्यांत येऊं लागलीं, एवढा सुधार झाला. इतर मैदानांचें चाललें होतें तसेंच चालूं राहिलें. कोणी मेलें नव्हतें, आणि सांगावयास एक सुंदर गोष्ट मिळाली होती. टळलेल्या संकटापासून माणूस क्वचितच शिकतो. तें टळलें याचाच त्याला अभिमान वाटूं लागतो.

दैवाचा खेळ असा कीं, पुढचा घाला बोल्टनच्याच घरच्या मैदानावर पडला. ९ मार्च १९४६ रोजीं बर्नडेन पार्क येथें बोल्टन व स्टोक सिटी यांचा याच स्पर्धेंतील सामना होता. फाटकांवर पासष्ट हजारांवर माणसें मोजलीं गेलीं. प्रत्यक्षांत पंच्याऐंशीं हजार असावींत असा अंदाज आहे. फाटकें बंद केल्यावरहि लोक भिंतींवरून येत राहिले. आंतील दाटी पाहून एका गृहस्थानें आपल्या मुलाला सुखरूप बाहेर नेण्यासाठीं बंद दाराचें कुलूप काढलें. तो बाहेर पडला, आणि त्याच दारानें बाहेरचा जमाव आंत घुसला. पायऱ्यांवरील दोन कठडे मोडले व तेहतीस माणसें प्राणास मुकलीं. कांहीं वेळ थांबून सामना पुढें खेळविण्यांत आला. मृतांचे देह त्या वेळीं मैदानाच्या कडेलाच झांकून ठेवलेले होते. चौकशी झाली, मैदानांना परवाना असावा, आंत येणाऱ्यांची मोजणी चालू असतांनाच ती एका ठिकाणीं कळावी, अशा सूचना झाल्या. तरीहि तसा कायदा होण्यास १९७५ साल उजाडावें लागलें, आणि तोहि १९७१ सालीं स्कॉटलंडमध्यें आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर सहासष्ट माणसें चिरडून मेल्यानंतर.

एवढ्यानेंहि हिशेब पुरा झाला नाहीं. दंगेखोर प्रेक्षकांना आळा घालावयाचा म्हणून मध्यंतरीं अनेक मैदानांभोवतीं उंच कुंपणें उभारण्यांत आलीं होतीं. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफ. ए. कपचा उपांत्य सामना होता. बाहेरची दाटी कमी करण्यासाठीं पोलिसांनीं एक मोठें दार उघडलें. आंत शिरलेले लोक समोरच्या बोगद्यांतून आधींच भरलेल्या मधल्या कोंडवाड्यांत गेले. बाजूच्या कोंडवाड्यांत जागा होती, पण तिकडे वळविण्यास कोणी उभें नव्हतें. पुढें कुंपण होतें. वेंब्लीवर जी वाट उघडी होती ती येथें बंद होती. सत्त्याण्णव माणसें त्या दिवसाचे बळी ठरलीं. आरंभीं सारा दोष प्रेक्षकांच्या माथीं मारण्यांत आला. मृतांच्या आप्तांनीं सत्तावीस वर्षें चिकाटीनें झगडा केला, तेव्हां कोठें २०१६ सालीं ज्यूरीनें असा निर्णय दिला कीं, हे मृत्यु बेकायदा होते व प्रेक्षकांकडे त्यांचा दोष नव्हता. न्यायमूर्ति टेलर यांच्या चौकशीनंतर तीं कुंपणें काढण्यांत आलीं आणि मोठ्या मैदानांवर प्रत्येकास बसावयास जागा असावी असा नियम झाला.

आतां वेंब्लीचें जुनें स्टेडियमहि राहिलें नाहीं. तें २००३ सालीं पाडण्यांत आलें, आणि २००७ सालीं उघडलेल्या नव्या स्टेडियममध्यें नव्वद हजार लोक आपापल्या खुर्चीवर बसून सामना पाहतात. दोन लाखांच्या मानानें हा आंकडा लहान आहे. पण त्यांतील प्रत्येक माणूस मोजलेला असतो, आणि त्याला आंत येण्याची तशीच बाहेर जाण्याची वाट ठरलेली असते.

आपण कुटुंबवत्सल माणसें. मुलाबाळांना घेऊन, वडील मंडळींचा हात धरून आपणहि गर्दींत जातों. वेंब्लीच्या हकीकतींतून आपल्याला दोन गोष्टी घेतां येतील. आंत जातांना बाहेर पडण्याची दुसरी वाट कोठें आहे तें पाहून ठेवावें. आणि हात वर उचलतां येईनासा होण्याइतकी दाटी होण्यापूर्वींच, पुढें काय चाललें आहे याचा मोह सोडून, कडेनें बाहेर पडावें. आणि ज्यांच्याकडे अशा समारंभांची व्यवस्था असते, त्यांनीं लोकांच्या शिस्तीविषयीं तक्रार करण्यापूर्वीं आपली मोजणी, आपलीं दारें व मोकळी ठेवलेली जागा यांकडे पाहावें. बिलीसारखा समंजस घोडा प्रत्येक ठिकाणीं वेळेवर येईलच असें नाहीं. आणि आला तरी त्याला पाय ठेवण्यापुरती तरी जागा असावी लागते.